तुमच्या टेम्पोच्या स्टिअरिंगवर किती वाजलेत?



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचा लोणची-मसाल्यांचा धंदा आहे. आतापर्यंत रिक्षाने माल पाठवत होत्या, आता सेकंडहँड छोटा हत्ती घ्यायचं ठरवलंय. "सर, ड्रायव्हर ठेवताना नेमकं काय बघायचं?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तरं आली. "लायसन बघा." "दारू पितो का विचारा." "पगार किती मागतो ते आधी बघा." तिन्ही बरोबर आहेत. मी म्हटलं, "आणि हात बघा." सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं सर हस्तरेषा बघायला सांगतायत!

व्हिडिओमध्ये हा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. पण नंतर खूप जणांनी विचारलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत सरळ आहे. माणूस स्टिअरिंग कसं धरतो, यावरून तो तुमची गाडी, तुमचा माल आणि तुमचं नाव कसं सांभाळणार हे वीस मिनिटांत कळतं. आणि दुसरं मत, जे मालक लोकांना आवडत नाही, ते असं की ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवरून बऱ्याच वेळा आपणच काढतो.

आधी माझी गोष्ट सांगतो. ट्रेनर व्हायच्या आधी मी बेकरीचा माल पोचवायचा धंदा करायचो. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल. कराडहून निघायचं, एक दिवस उंब्रजकडे, एक दिवस पाटणकडे, एक दिवस ढेबेवाडी. टेम्पो एक, ड्रायव्हर एक. त्यांना सगळे मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेले, अर्धं आयुष्य मोठ्या ट्रकवर गेलेलं. घाटात त्यांच्या शेजारी बसलं की झोप लागायची, इतकं सावकाश आणि स्थिर चालवायचे.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. मी गाडी घेतली होती आणि ते शेजारी बसले होते. म्हणाले, "मालक, एक बोलू का? राग नका मानू. अंगठे आत घालू नका." मी स्टिअरिंगच्या कड्याला मूठ मारून धरलं होतं, अंगठे आत दांड्यांच्या बाजूला. मामा म्हणाले, "पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग उलटा झटका मारतं. दांडी फिरते आणि अंगठा सापडतो. अंगठा कड्यावर ठेवायचा, आत नाही."

यामागचं कारण समजून घ्या. स्टिअरिंग तुम्ही फिरवलं की चाकं फिरतात, हे आपल्याला माहीत असतं. पण जोडणी दोन्हीकडून चालते. चाकाला दगडाने किंवा खड्ड्याने बाजूला ढकललं, की तोच जोर रॉडमधून उलटा वर येतो आणि स्टिअरिंग हातात फिरतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर हा झटका बराच कमी होतो, पण संपत नाही. आणि आपण सुरुवातीला जो जुना टेम्पो घेतो, त्यात पॉवर स्टिअरिंग असेलच असं नाही. मामांची पिढी पॉवर स्टिअरिंग नसलेल्या ट्रकवर शिकली. तिथे दोन हात आणि मोकळे अंगठे ही शिस्त नव्हती, गरज होती.

तर असे हे मामा. एका शनिवारी दुपारी पाटणच्या बाजूला माल टाकत होते. एका दुकानदाराचा मला फोन आला, "माल कुठाय? गिऱ्हाईक उभं आहे." मी मामांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

मामा त्या वेळी मोरीजवळच्या अरुंद वळणावर होते. डाव्या हातात फोन कानाला, आणि उजव्या हाताने वळण घ्यायचं. एका हाताने जड स्टिअरिंग फिरत नाही, म्हणून माणूस काय करतो? तळवा स्वतःकडे करून हात आतून घालतो आणि खालून ओढतो. मामांनी तेच केलं. जे मला करू नका म्हणाले होते, तेच. चाक साइडपट्टीवरून खाली उतरलं, झटका बसला, हात दांडीत अडकला, गाडी मोरीच्या कठड्याला घासून थांबली.

फोन चालूच होता. मी सगळं ऐकलं.

उजवा अंगठा मोडला, मनगटही दुखावलं. सहा आठवडे प्लास्टर. नशीब, रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. माल पडून चुरा झाला तो वेगळाच, टोस्टच्या पिशव्यांचं आणखी काय होणार. त्या सहा आठवड्यांत मामांचा पगार मी दिला, बदली ड्रायव्हरचा रोज दिला, गाडी चार दिवस गॅरेजला होती. गाडीच्या विम्यातून दुरुस्तीचा काही भाग मिळाला, बाकी खिशातून. पण खरं सांगू का, या सगळ्यात मला टोचलं ते एकच. दवाखान्यात मामा मलाच म्हणाले, "चुकलं मालक, फोन घ्यायला नको होता." मी मान हलवली. माझी चूक होती, आणि मी मान हलवून गप्प बसलो. ते वाक्य मी सहा महिन्यांनी दुरुस्त केलं, त्यांच्या घरी जाऊन.

म्हणून मी म्हणतो की हा विषय ड्रायव्हिंग स्कूलचा नाही, धंद्याचा आहे.

आता हातांकडे येऊ. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला शिकवलं, स्टिअरिंग म्हणजे घड्याळ समजा आणि दहा-दहावर हात ठेवा. डावा हात दहावर, उजवा दोनवर. दुकानातल्या नव्या घड्याळांत वाजलेले असतात ना, तसे. ही जुनी पद्धत. आता नऊ आणि तीन सांगतात, म्हणजे आपल्या भाषेत पावणेतीन. हात सरळ रेषेत, समोरासमोर. बदल का झाला? मुख्य कारण एअरबॅग. एअरबॅग स्टिअरिंगच्या मध्यातून फुटून बाहेर येते, पापणी लवायच्या आत. हात वर असतील तर ते तोंडावर फेकले जाण्याचा धोका असतो. हात बाजूला असतील तर बॅग मधून निघून जाते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नवीन कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. तुम्ही स्वतःच्या कारमधून सँपल घेऊन फिरत असाल तर हे तुम्हाला लागू आहे. जुन्या टेम्पोत एअरबॅग नसली तरी पावणेतीन चांगलंच, कारण अचानक डावी-उजवी करायची वेळ आली तर दोन्ही बाजूंना सारखा जोर लागतो.

आणि घट्ट धरायचं नाही हं! नवीन माणूस स्टिअरिंग असं आवळतो की जणू ते पळून जाणार आहे. तासाभरात खांदे भरून येतात, मग आपोआप एक हात खाली जातो. पिकलेला आंबा धरतो तसं धरायचं. निसटू नये, पण दबूही नये.

आता रस्त्यावर प्रत्यक्ष काय दिसतं? मी टोलनाक्याच्या रांगेत, सिग्नलला, बाजार समितीच्या दारात लोकांचे हात बघत असतो. बायको म्हणते, हे काय खूळ आहे! पण बघा तुम्हीही.

सगळ्यात जास्त दिसतो तो बारा वाजलेला माणूस. एक हात बरोबर वर, मनगट कड्यावर टाकलेलं, बोटं लोंबकळतायत. रुबाबदार दिसतं. पण त्या मनगटात पकड शून्य असते. कुत्रं आडवं आलं तर आधी हात सरळ करायचा, मग पकडायचं, मग वळवायचं. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. ६० ला जवळजवळ १७ मीटर. तुमचा एक सेकंद पकड बसवण्यातच गेला तर तेवढी गाडी पुढे गेलेली असते, आणि त्यानंतर ब्रेक.

दुसरा म्हणजे खिडकीवाला. उजवं कोपर खिडकीबाहेर, दोन बोटं स्टिअरिंगला. याच्याबद्दल जास्त बोलत नाही, शेजारून एसटी गेली की तो स्वतःच कोपर आत घेतो.

तिसऱ्याचा डावा हात कायम गिअरवर. हा मला जास्त खटकतो, कारण हा गाडीही खातो. गिअरच्या दांडीवर हाताचं वजन सतत पडत राहिलं की आतल्या भागांवर उगाच दाब राहतो आणि ते झिजतात. चांगला मेकॅनिक तुम्हाला हेच सांगेल. गिअर टाकायचा आणि हात परत स्टिअरिंगवर आणायचा. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणजे गिअर टाकताना उजवा हात एकटा पडतोच. तो जितका कमी वेळ एकटा पडेल तितकं बरं.

चौथा तळहातवाला. कड्यावर पंजा दाबून गोल गोल फिरवतो, पार्किंग करताना भारी दिसतो. पॉवर स्टिअरिंगमुळे ही सवय फोफावली. अगदी कमी वेगात, मागे वळून बघत रिव्हर्स घेताना एक हात चालतो, तिथे मी हट्ट धरणार नाही. पण चालत्या रस्त्यावर, ओल्या हाताने, पावसात? शिवाय हीच मंडळी गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग पूर्ण पिळतात. त्यात पुढचे टायर रस्त्यावर घासले जातात. गाडी थोडी हलू द्या, मग फिरवा. टायरचे पैसे तुम्ही देताय.

आणि हो, नॉब. अॅक्सेसरीजच्या दुकानात पॉवर हँडल म्हणून मिळतो तो गोळा, कड्याला बसवायचा आणि एका हाताने गरगर फिरवायचं. एक हात वापरता येत नाही अशा माणसाच्या बदल करून घेतलेल्या गाडीत तो उपयोगाचा आहे. दोन हात धड असलेल्या माणसाला तो फक्त एका हाताची सवय लावतो. शर्टाची बाही त्यात अडकते ते वेगळंच. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने बसवलेला असेल तर पहिल्या दिवशी काढून टाका.

इथे कोणीतरी म्हणणार, "सर, आमचा माणूस वीस वर्षं एका हाताने चालवतोय, काही झालं नाही." मामांचं तरी कुठे झालं होतं? त्यांना तीस वर्षांत काही झालं नव्हतं. सरळ मोकळ्या रस्त्यावर एक हात पुरतो, हे मीही मान्य करतो. अडचण अशी की रस्ता सरळ राहणार नाही हे आधी कळत नाही.

पण मी सगळा दोष ड्रायव्हरच्या माथी मारणार नाही. सकाळी पाचला निघालेला माणूस रात्री नऊला परत येत असेल, तर शेवटच्या तीन तासांत त्याचे हात पावणेतीनवर राहणार नाहीत. कोणाचेच राहणार नाहीत. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं. अलाइनमेंट बिघडलं असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि ड्रायव्हर दिवसभर एका हाताने तिला उलटं ओढून धरतो. स्टिअरिंगला खेळ जास्त असेल तर सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं. ड्रायव्हर एका हाताने का चालवतो हे विचारायच्या आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर स्वतः गाडी चालवून बघा, सरळ जाते का. ड्रायव्हर तीन वेळा सांगतो, "शेठ, गाडी डावीकडं ओढतीय," आणि शेठ म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू." अलाइनमेंटचा खर्च एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाही, पण आपण नेमकी तिथेच काटकसर करतो.

आता कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन घेऊन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमचा ड्रायव्हर तुमच्या कामावर असताना त्याच्या चुकीने कोणाला इजा झाली तर भरपाईचा दावा मालकावरही येतो. विमा कंपनी भरते, पण लायसनसारख्या अटी पाळल्या असतील तर. ड्रायव्हर कामावर जखमी झाला तर त्याच्या भरपाईची जबाबदारीही कायद्याने मालकावर येते. लायसनबद्दल खूप जण विचारतात म्हणून सांगतो, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटार वाहनाचं साधं लायसन चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. छोटा हत्ती त्यात आरामात बसतो.

मामा परत कामावर आले तेव्हा मी एक नियम केला. गाडी निघाल्यावर मी फोन करणार नाही. प्रत्येक दुकानावर माल उतरवून झाला की, गाडी बंद असताना, मामा मला एक मिस्ड कॉल देणार. त्यावरून मला कळायचं गाडी कुठे आहे. दुकानदाराला अकरा वाजता येतो असं सांगायचं नाही, साडेदहा ते साडेअकराच्या मध्ये येतो असं सांगायचं. ब्लूटूथ लावून द्यावं असंही डोक्यात आलं होतं. हात मोकळा राहतो खरा, पण ज्याला मालक ओरडतोय त्याचं लक्ष रस्त्यावर राहत नाही. म्हणून नको म्हटलं.

हे सगळं फुकटात झालं नाही. एक दुकानदार तुटला. चांगलं गिऱ्हाईक होतं, महिन्याला बऱ्यापैकी माल घ्यायचा. त्याला दर अर्ध्या तासाला गाडी कुठे आली ते हवं असायचं. मी नाही म्हटलं, त्याने दुसरीकडून माल सुरू केला. दोन महिने मला ते जाणवलं. आजही तो हिशोब केला तर मी पुन्हा तेच करेन, पण तुम्हाला खोटं सांगणार नाही की नियम पाळला आणि धंदा वाढला. त्या महिन्यात तो कमी झाला.

ज्या ताईंपासून सुरुवात केली त्यांना मी काय सांगितलं ते लिहितो. ड्रायव्हरला घरी बोलावून गप्पा मारू नका. शेजारी बसा आणि वीस मिनिटं गाडी चालवायला सांगा. रस्ता असा निवडा की थोडा बाजार, थोडा मोकळा रस्ता, एक तरी अरुंद वळण येईल. मागे थोडा माल असू द्या, रिकामी गाडी सगळेच चांगली चालवतात. बसल्यावर तो आधी काय करतो ते बघा. सीट आणि आरसे जुळवतो की सरळ चावी फिरवतो? पाठ टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, इतकं सीटचं अंतर ठीक. वळणावर हात आतून घालतो का? गिअर टाकल्यावर हात परत येतो का? आणि मधेच, मुद्दाम, त्याच्या फोनवर घरच्या कोणालातरी फोन करायला लावा. उचलतो का बघा.

"आणि मी स्वतः चालवायला शिकले तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फारच उत्तम. मग हेच सगळं स्वतःला लावायचं. फक्त एक लक्षात ठेवा, उंची कमी असली की आपण सीट इतकी पुढे घेतो की छाती स्टिअरिंगला टेकायची बाकी राहते. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टिअरिंगच्या मध्ये साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा. पाय पोचावेत म्हणून सीट पुढे घ्यावी लागली तर सीटची पाठ थोडी मागे कलती करा, आणि रस्ता नीट दिसत नसेल तर खाली उशी घ्या.

ताईंनी तीन जणांची चाचणी घेतली. पहिल्याचे बारा वाजलेले. दुसऱ्याने सगळं व्यवस्थित केलं, पण फोन वाजला आणि मांडीखालून काढून कानाला लावला. तिसरा पोरगा पंचविशीचा. त्याचा फोन वाजत राहिला, त्याने बघितलंही नाही. बाजारातून बाहेर पडल्यावर गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि मग विचारलं, "मॅडम, घरचा फोन आहे, घेऊ का?" तो बाकीच्यांपेक्षा पगार दीड हजाराने जास्त मागतोय. ताईंनी मला विचारलं, देऊ का? मी म्हटलं, द्या, आणि पहिल्या दिवशी तुम्ही त्याला किती फोन करता ते वहीत लिहून ठेवा.

वही आल्यावर त्यावर एक व्हिडिओ करूया, असं आमचं ठरलंय. तोपर्यंत तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर किती वाजलेले असतात ते कमेंटमध्ये लिहा. मालकांनी स्वतःचंही लिहायचं हं.